दारात रातांबा, घरात रातकिडा

कोकणात लोक समुद्र बघायला जातात, नाहीतर मासे खायला जातात. मी रातकिडा बघायला गेले. तोही न ओरडणारा. कोल्हापुरात हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग काळजीने माझ्या नवऱ्याकडे. नवरा म्हणाला, "जाऊ दे की तिला. किडा बघून परत येतीय, आणि काय करतीय?"

मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लेकाने कॅमेरा हातात दिला, नातवंडांचे फोटो काढ म्हणून. नातवंडं एका जागी बसत नाहीत. मुंग्याही बसत नाहीत, पण त्या निदान रांगेने जातात आणि फोटो कसा आला म्हणून विचारत नाहीत. तेव्हापासून मी मुंग्यांच्या मागे लागले. किड्यामुंग्यांचे फोटो काढणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात शिरले. सगळी पोरं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची, आणि ज्ञान पाजळायला मात्र माझे सासरे.

त्या ग्रुपवरच हा रातकिडा कळला. तो मुंग्यांच्या घरात राहतो. आकाराने तांदळाच्या कणीएवढा. पंखच नाहीत, त्यामुळे आवाज नाही. मुंग्या एकमेकींना वासावरून ओळखतात. मिशी लावायची, वास घ्यायचा, आपली असेल तर पुढे जाऊ द्यायचं, नसेल तर चावायचं. हा पठ्ठ्या काय करतो, तर हळूच त्यांच्या अंगाला अंग घासून त्यांचा वास स्वतःला लावून घेतो. मग बसतो आरामात त्यांच्या कोठारात. त्यांचं खातो, त्यांच्यात झोपतो, आणि काही जातींचे तर मुंगीकडून घास भरवून घेतात म्हणे! बदल्यात करतो काय? काही नाही. असा पाहुणा मला बघायचाच होता. आमच्या घरी दिवाळीत असे बरेच येऊन गेलेत, पण त्यांना आमचा वास कधी लागला नाही.

"काकू, तो फार चपळ असतो. तुम्हाला नाही मिळायचा," असं त्या ग्रुपवरच्या एका पोराने लिहिलं. झालं. मी सुलभाला फोन लावला.

सुलभा माझी शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. लग्न होऊन गेली ती थेट गुहागरकडे, वेळणेश्वरच्या अलीकडे. दरवेळी 'ये, ये' म्हणायची आणि मी दरवेळी 'येते, येते' म्हणायचे. या वेळी मी खरंच येते म्हटल्यावर ती पलीकडून किंचाळली, "ये गो बाय!"

गो? पेठेत वाढलेली, भांडायला उभी राहिली तर आख्खी गल्ली खिडकीत आणणारी आमची सुलभी, आणि गो?

गुहागर

दिवाळी नुकतीच झाली होती. गुहागरच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझी पूर्ण चौकशी होऊन गेली होती. शेजारी बसलेल्या बाईंनी मी कुठली, कुणाकडे चालले, ते कुणाचे कोण, त्यांच्या वाडीतलं वरचं घर की खालचं, एवढं काढून घेतलं आणि मग डोळे मिटले. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'जेवलासा का?' विचारतात. तो कोण आहे ते जेवण झाल्यावर, पान लावताना. इथे उलटं. माणूस कुणाचा ते एकदा कळलं की इथली माणसं निश्चिंत होतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुलभा स्कूटर घेऊन आली होती. पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायका, मध्ये माझी बॅग, पुढे कॅमेरा, असं आमचं वाहन नारळी-पोफळीतून निघालं. वळणावर ती हॉर्न वाजवत नव्हती, ओरडत होती. तेवढं कोल्हापूर तिच्यात शिल्लक होतं.

घर कौलारू, पुढे अंगण, मागे उतारावर पोफळीचं आगर, आणि दारात डेरेदार रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड. सुलभाचे यजमान दिनकरराव, माझे भाऊजी, आयुष्यभर बोटीवर इंजिनाजवळ काम करून आलेले. प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते त्यांना. चप्पल तिरकी दिसली तरी सरळ करून मग बोलायला लागतात. मुलं मुंबईला. पडवीत एक सडसडीत म्हातारे गृहस्थ नारळ सोलत बसले होते. माझ्याकडे बघून हसले, मान हलवली, पुन्हा सोलायला लागले.

"हे आमचे बंडूकाका," सुलभा म्हणाली.

चहा आला. मला गुलाबाच्या फुलांची कपबशी आणि बसायला वेताची खुर्ची. बाकी सगळ्यांना स्टीलचे पेले आणि पायरी. मी पेला मागितला तर सुलभा म्हणाली, "गप गो, पाहुणी ना तू?" मला जरा लागलं. एका डब्यात जेवलेल्या आम्ही.

रात्री तिरफळ घातलेलं बांगड्याचं सार, भात आणि सोलकढी. तिरफळाचा वास असा काही होता की मी तीन वेळा भात घेतला. पण तिखट कुठे? मी बॅगेतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली, तर सुलभा मागे सरकली. "नको गो, छातीत जळजळतं." शाळेच्या मधल्या सुट्टीत पैज लावून हिरव्या मिरच्या खाणारी बाई ही! पुडी शेवटी बंडूकाकांनी घेतली. गुपचूप, भाताच्या कडेला. डोळ्यांत पाणी आलं तरी हूं की चूं केलं नाही.

आगरात

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. पिवळसर, लांब पायांच्या, वेड्यासारख्या धावणाऱ्या मुंग्या शोधायच्या होत्या, कारण त्यांच्याकडे हा पाहुणा उतरतो असं ग्रुपवर ठरलं होतं. मुंग्या मिळायला वेळ लागला नाही. त्याच मला मिळाल्या, सलवारीतून वर येत. मी उड्या मारत मागे सरले आणि पोफळींना पाणी सोडतात त्या पाटात बसले. कॅमेरा तेवढा वर धरला होता. वर बघते तर दगडी गडग्यापलीकडे बंडूकाका, तोंडावर पंचा धरून हसताहेत. आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत.

मग मात्र ते आले आणि जांभ्याचे चिरे उचलायला मदत करायला लागले. कितव्या चिऱ्याखाली कोण जाणे, मुंग्यांची पांढरी अंडी, धावपळ, आणि त्या धावपळीत एक तपकिरी ठिपका, नागमोडी पळणारा! पंख नाहीत, मागचे पाय जाडजूड, पाठ कमानदार. मुंगी समोर आली की गिरकी घ्यायचा, मागून तिला अंग घासायचा, आणि पुढे.

"सापडला!" मी एवढ्याने ओरडले की वरच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला.

फोटो? बारा काढले, बाराही हलले. तेव्हा मी काय केलं, तर ब्रशने त्याला उचलून औषधाच्या रिकाम्या डबीत घातला. दोन दिवस ठेवू, शांत झाला की फोटो काढू, मग परत सोडू. डबीत पिठाची कणी आणि ओला कापूस ठेवला. राजेशाही सोय केली असं मला वाटलं.

दुपारी सुपारी निवडता निवडता सुलभाला सहज विचारलं, "बंडूकाका कोण गं तुमचे?"

"मामंजींकडचे. त्यांचे कुणी चुलतभाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा इथेच होते."

संध्याकाळी ओटीवर भाऊजी चपला सरळ करत होते. तिथेही मी सहज विचारलं. ते म्हणाले, "आईच्या माहेरचे. खाडीपलीकडचे. मी बोटीवरून रजेवर आलो तर इथे होते. तिकडची बोली आहे ना त्यांची, लगेच कळतं."

आता माझं म्हणणं असं की, गणिताच्या बाईला एका गणिताची दोन उत्तरं देऊ नयेत. तिला झोप लागत नाही. मला माणसांची खोड काढायची सवय आहे हे नवरा सांगतो आणि मी नाकारते. पण त्या संध्याकाळी मला गुदगुल्या होत होत्या हे खरं.

ओटीवर

पुढच्या दिवशी दिवेलागणीला सगळे जेवायला बसलो. कुळथाचं पिठलं, भाकरी, वर खोबऱ्याची चटणी. मी डबी मध्ये ठेवली आणि माझ्या रातकिड्याची गोष्ट रंगवून सांगितली. तो कसा चोरपावलाने शिरतो, कसा वास लावून घेतो, मुंग्यांना वाटतं आपलाच, आणि सगळ्यांना वाटतं दुसरीने आणला असेल. भाऊजी हसता हसता ठसकले. सुलभा म्हणाली, "मेला हुशार गो!" बंडूकाकाही डबीत डोकावून बघत होते.

आणि त्या हसण्याच्या भरात मी म्हटलं, "बरं, बंडूकाका, तुम्ही नक्की कुणाकडचे? सुलभा म्हणते सासऱ्यांकडचे, भाऊजी म्हणतात सासूबाईंकडचे."

भाऊजींचा घास हातातच राहिला. त्यांनी सुलभाकडे पाहिलं, सुलभाने त्यांच्याकडे, आणि मग दोघांनी बंडूकाकांकडे. सासू-सासरे दोघंही केव्हाच गेलेले. विचारायला कुणी उरलेलं नव्हतं.

बंडूकाका म्हणाले, "बाहेर नारळ राहिलेत वाटतं." आणि ताट घेऊन उठले.

भाऊजी त्यानंतर जेवले नाहीत. आईच्या माहेरची माणसं बोटांवर मोजत बसले. मग वडिलांकडची. मग चपला घालून शेजारी भिकूदादांकडे विचारायला गेले. सुलभा मला म्हणाली, "कशाला विचारलंस?" तिच्या आवाजात 'गो' नव्हता. मी जीभ चावली, पण त्याचा आता काय उपयोग?

सकाळी सुलभा वेळणेश्वरला देवळात गेली होती. म्हणून चहा भाऊजींनी केला. मी ओटीवर कॅमेरा पुसत होते. भाऊजी बाहेर आले, हातात गुलाबाच्या फुलांची कपबशी. मला वाटलं, माझ्यासाठी. तर ते पडवीत गेले.

"घ्या ना, बंडूकाका," भाऊजी म्हणाले. "इथे बसा ना, खुर्चीत."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट. माणूस आपला नाही म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याचा मान ठेवायचा, एवढंच त्या सरळ माणसाच्या डोक्यात आलं. बंडूकाका खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. बशीत ओतून चहा प्यायले. कपबशी विसळली, पालथी घातली आणि आत गेले. मी हे सगळं बघितलं आणि मला काही म्हणता काही कळलं नाही.

मी डबी घेऊन आगरात गेले. रातकिडा शांत झाला होता, दोन फोटो बरे आले होते. आता त्याला घरी सोडायचा. चिरा उचलला, डबी तिरकी केली. तो खाली उतरला आणि ओळखीच्या वाटेने धावला. समोरून मुंगी आली. मिशी लावली. थांबली. पुन्हा लावली. आणि चावली! दुसरी धावली, तिसरीने पाय धरला. त्याच मुंग्या, तेच घर. दोन दिवस डबीत राहून त्याचा वास उडाला होता. मी ब्रश घालून त्याला कसाबसा सोडवला, तोवर एक मागचा पाय गेला होता.

आणि तिथे, हातात डबी घेऊन, मला ती कपबशी आठवली. मी धावत वर आले. पडवीत सोललेले नारळ ओळीने लावून ठेवले होते. कोयता धुऊन खुंटीला. बंडूकाकांची पिशवी जागेवर नव्हती.

दाभोळ

सुलभा देवळातून आली आणि तिला कळलं तेव्हा जे झालं ते ऐकायला आमची सगळी पेठ तिथे हवी होती. तीस वर्षांचं कोकण एका क्षणात उतरलं.

"कपबशीत दिलासा? कपबशीत? डोस्कं हाय का नाही?"

"अगो, मान म्हणून..." भाऊजी बिचारे खांबाला टेकले.

"मान! खुर्चीत बसवलंसा, आणि वर म्हणं मान! आणि तू गं," ती माझ्याकडे वळली, "तुला किडे कमी पडले व्हय, माणसं उलथीपालथी करायला?"

मला लाज वाटत होती, आणि भीतीही. तो माणूस या वयात जाणार कुठे? माझ्या दोन घटकांच्या गमतीपायी एकाचं घर जात होतं.

ते कुठे गेले हे शोधणं अवघड नव्हतं. रस्त्यात दर घराला कुणीतरी बाहेर उभं होतंच. "पिशवी घेऊन धोपाव्याकडे गेले," पहिल्याच घराने सांगितलं. धोपाव्याहून फेरीबोट वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला नेते. सुलभाने स्कूटर बोटीवर घातली ती जवळजवळ एका जीपगाडीच्या अंगावर.

खाडी सुरेख होती. निवांत पाणी, पलीकडे डोंगराला टेकलेलं दाभोळ, मासेमारीच्या होड्यांची रंगीत रांग. मी कॅमेरा काढला नाही. सुलभा कठड्याला धरून उभी होती. पाण्याकडे बघत बोलायला लागली.

"लग्न होऊन आले ना, तेव्हा सासूबाई मला कपबशीत चहा द्यायच्या. रोज. प्रेमाने. मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. कुणाला सांगणार, की मला कपबशी नको? वर्ष गेलं असं. एकदा सासूबाई आजारी होत्या, चहा बंडूकाकांनी केला. मला पेल्यात दिला. सासूबाईंनी पडल्या पडल्या बघितलं. दुसऱ्या दिवसापासून पेला."

तिने पदराने नाक पुसलं. "आणि त्यांनाच आज माझ्या घरात कपबशी."

दाभोळच्या धक्क्यावर मासळीचा बाजार भरात होता. पापलेटं, कोलंबी, चकचकीत बांगडे, बर्फ, मांजरं, आरडाओरडा. आम्ही एस.टी.च्या थांब्याकडे वळणार, तेवढ्यात ओळखीचा पंचा दिसला. बंडूकाका एका कोळणीसमोर उकिडवे बसले होते. खांद्याला घर सोडून निघाल्याची पिशवी. आणि हातात दुसरी पिशवी, तिच्यात बांगडे भरून घेत होते!

सुलभा मागे जाऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"हे कुणासाठी?"

बंडूकाका दचकले. पिशवीकडे असं पाहिलं की जणू ती दुसऱ्याच कुणी हातात दिली होती. "आज बुधवार ना," ते पुटपुटले. "दिनूला लागतात बुधवारी."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. पण सुलभा हसली नाही, रडलीही नाही. तिने पिशवीत हात घातला, एक बांगडा काढून उलटा केला आणि म्हणाली, "असले शिळे घेतात? तुम्हाला कुणी पाठवलं बाजारात?"

आणि काय सांगू! आल्यापासून ज्यांच्या तोंडून मी चारच शब्द ऐकले होते, ते बंडूकाका उसळले. "शिळे? हे शिळे? डोळे बघ त्यांचे! कल्ले बघ! तू कालची पोर, मला बांगडा शिकवतेस?"

"कालची कसली, तीस वर्षं रांधतेय!"

"रांधतेस, पण तिरफळं जास्त घालतेस. आजवर बोललो नाही."

"मग बोलायचं की! तोंड शिवलं होतं?"

कोळीण बर्फ मारायची थांबून मजा बघत होती. मला म्हणाली, "बाप-लेक काय?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलणं माझ्या जिवावर येतं, पण ते सहज निघालं.

मग धक्क्यावरच्या टपरीवर भजी आणि चहा घेता घेता बंडूकाकांनी सांगितलं. मूळ गाव खाडीच्या याच बाजूला, दापोलीच्या वाटेला. आई गेली, मागे कुणी नव्हतं. वेळणेश्वरकडच्या एका तांडेलाने आपल्या होडीवर काम देतो म्हणून सांगितलं होतं. गणपतीत घरी ये म्हणाला. घर कसं ओळखायचं? देवळाच्या वाटेवर, दारात रातांबा.

"तिथं दर घराच्या दारात रातांबा हाय!" मी म्हटलं.

"ते मला नंतर कळलं," बंडूकाका म्हणाले. "मी आत शिरलो तर तुझे सासरे शिडीवर चढून गणपतीच्या वरची माटवी बांधत होते, फळं टांगत होते. खाली न बघताच म्हणाले, आलास? धर शिडी. मी धरली. घर मुंबईकरांनी भरलेलं. कुणी विचारलं नाही. जो तो समजला, दुसऱ्याने बोलावलाय. विसर्जनाला कळलं की तांडेलाचं घर पुढच्या वळणावर. पण तोवर मोदक खाल्ले होते हो! कुठल्या तोंडाने सांगू, की मी तुमच्याकडे आलोच नव्हतो? म्हटलं, भांडी घासून जाऊ. मग पितरं आली. मग नवरात्र. मग भात कापायला आलं."

"आणि आता निघाला होता कुठे?" सुलभाने विचारलं.

बंडूकाकांनी भज्याकडे बघत सांगितलं, "त्या तांडेलाचं काम अजून आहे का विचारायला. मागे तो इकडे दाभोळला राहायला आला होता ना. तर वारला म्हणे केव्हाच."

पुन्हा आगरात

परतीच्या वाटेवर स्कूटरवर तिघं होतो. नियमात बसत नव्हतं, स्कूटरवर मात्र बसलो. वाटभर दोघं बांगड्यांवरून भांडत होते आणि मी मध्ये चेपली जात होते.

भाऊजी दारात रातांब्याखाली उभे होते. सकाळपासून तिथेच असावेत, चपला वाकड्या पडल्या होत्या. बंडूकाका खाली उतरले आणि थबकले. आत जावं की नको. भाऊजींनाही काय बोलावं कळेना. दोघं एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले. माझा जीव टांगणीला लागला. चावतात की सोडतात!

शेवटी भाऊजी म्हणाले, "सकाळपासून पंप बंद पडलाय. मला काही तो चालू करता येईना. होतात कुठे?"

इंजिनावर आयुष्य काढलेल्या माणसाला पंप चालू करता येईना! बंडूकाका पिशव्या पायरीवर टाकून आगराकडे चालायला लागले, "चावी उलटी फिरवली असशील," म्हणत.

तेवढ्यात गडग्यावर भिकूदादांचं डोकं उगवलं. काल रात्री भाऊजी विचारून आल्यापासून त्यांना चैन नसणार. "काय दिनू, लागला का पत्ता? कुणाकडचे ते शेवटी?"

आयुष्यात कधी खोटं न बोललेले भाऊजी म्हणाले, "आईकडचे."

त्याच वेळी स्वयंपाकघरातून सुलभा ओरडली, "माझ्या माहेरचे!"

"माहेरचे?" भिकूदादा चक्रावले. "म्हणजे कोल्हापूरचे?"

बंडूकाका आगराच्या वाटेवर थांबले. मागे वळले. अगदी ठसक्यात म्हणाले, "व्हय की!"

भिकूदादांचं डोकं खाली गेलं. मी पायरीवर बसून पोट धरून हसले. सुलभा खिडकीत उभी राहून पदरात तोंड खुपसून हसत होती, आणि रडत होती.

चहा झाला. बंडूकाकांचा पेल्यात. माझा कपबशीत.

आता त्या लंगड्या रातकिड्याचं सांगायचं राहिलं. त्याला तसाच सोडता येत नव्हता. मी त्या चिऱ्याखालची माती आणि थोड्या मुंग्या आणल्या, आणि डब्यात जाळी लावून त्याला पलीकडच्या बाजूला ठेवलं. जाळीतून वास जाऊ दे, अंग नाही. डबा म्हणून मला सुलभाच्या फडताळात एक रिकामा मिळाला. निघायच्या दिवशी सकाळी मी तो घेऊन आगरात गेले. चिरा उचलला, त्याला सोडला. तो पाचच पायांवर धावला, जरा तिरका. मुंगी आली. मिशी लावली. मुंगीने पुन्हा मिशी लावली, आणि आपल्या वाटेने निघून गेली. रातकिडा तिच्यामागून वळला, अंग घासलं आणि आत शिरला.

कॅमेरा गळ्यात होता. फोटो काढायचं सुचलंच नाही. ग्रुपवर मी डबीतले फोटो टाकले. त्या पोराने लिहिलं, 'काकू, डबीतला काय बघायचा?' बरोबर होतं त्याचं.

मी चिरा जागेवर ठेवत होते, तेवढ्यात वरून आरोळी आली. आख्ख्या वाडीने ऐकली असेल.

"माझ्या तिरफळांच्या डब्यात किडे कुणी भरले गो? अक्कल विकून खाल्लीस? आणि चहा केव्हाचा ओतलाय, प्यायचाय की नाही?"

मी धावत वर गेले. पायरीवर सगळ्यांचे रिकामे पेले होते आणि एक भरलेला. कपबशी कुठे दिसली नाही. वेताच्या खुर्चीत सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. चहा पार निवला होता, वर एक मुंगी तरंगत होती. ती बोटाने काढली, कठड्यावर सोडली, आणि पेला तोंडाला लावला.